बहुउद्देशीय, बहुरूपी की बहुकार्यी?

कोल्हापुरात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंनी विचारलंय: विषाणूचं एकच प्रथिन पेशीत अनेक कामं करतं, त्याला 'बहुउद्देशीय प्रथिन' म्हणावं का?

म्हणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. उद्देश म्हटला की तो आधी कुणीतरी ठरवलेला असतो. राधानगरीचं धरण बहुउद्देशीय, कारण शेतीला पाणी आणि वीज, दोन्ही माणसांनी आखलेलं आहे. प्रथिनाला हेतू नसतो. त्याची एक घडण असते आणि तिला पेशीतलं जे चिकटतं त्यातून काम घडतं. (संधी केला तर 'बहूद्देशीय' होतं, पण मराठीत तो न करताच लिहायची रीत पडली आहे, आणि ती सोयीची आहे.)

आपल्याच शिवारातला ऊस घ्या. त्यावर मोझॅक हा पानं चट्टेरी करणारा रोग आणणारा, मावा या किडीमार्फत पसरणारा एक विषाणू आहे. त्याच्या आरएनएची, म्हणजे प्रथिनं घडवण्याच्या सूचना ज्यात असतात त्या रेणूची, लांबी जेमतेम 10,000 अक्षरांच्या आसपास. एवढ्यात फार प्रथिनं बसत नाहीत, म्हणून एकेकावर कामांचा भार पडतो. त्यातलं एचसी-प्रो पाहा. सगळी प्रथिनं एका लांब साखळीत तयार होतात, तेव्हा ते आपलं टोक स्वतःच कापून सुटं होतं. पुढं माव्याच्या सोंडेत विषाणू टिकवून धरणारा दुवा तेच. आणि ऊस बचावासाठी विषाणूच्या आरएनएचे बारीक तुकडे करून त्यांच्या आधारे उरलेला आरएनए शोधू लागला, की ते तुकडे धरून ठेवून बचाव लुळा पाडणारंही तेच.

'बहुरूपी' सुचेल, आणि इबोला विषाणूच्या व्हीपी-40 या प्रथिनाला तो शोभतोही. त्याचे दोन रेणू जोडीनं असताना ते पेशीच्या आवरणाकडे जातं आणि तिथं एकमेकांत गुंफून नव्या विषाणूचं अस्तर घडवतं. आठ रेणूंचं कडं केलं की आरएनएला चिकटून त्याच्या नकला होण्यावर ताबा ठेवतं. पण रूप न पालटता अनेक कामं करणारी प्रथिनंही आहेत, शिवाय 'बहुरूपता' शास्त्रात दुसऱ्या अर्थानं वापरात आहे. 'अष्टपैलू' कौतुकाचा शब्द. तो खेळाडूंकडेच राहू द्यावा.

म्हणून 'बहुकार्यी'. हा शब्द विभक्तीतही बदलत नाही: बहुकार्यी प्रथिन, बहुकार्यी प्रथिनामुळे. वर्गात मात्र पहिल्यांदा 'अनेक कामं करणारं प्रथिन' असंच सांगावं आणि संज्ञा त्यानंतर फळ्यावर लिहावी.