मिग-21 चं प्लास्टिक किट मागवलं, पण भागच जुळत नाहीत. परत पाठवू की दुरुस्त करू?

तुम्ही दर्यापूर तालुक्यातल्या गावातून लिहिलंय आणि तक्रारी चार आहेत: 1/72 मापाच्या (म्हणजे खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या भागाएवढ्या) मिग-21 च्या धडाचे दोन अर्धे नीट बसत नाहीत, कडांना प्लास्टिकचा पापुद्रा आहे, एक पंख वाकलाय आणि डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून विमानावर चिकटवायची छापील चिन्हं, पिवळे पडलेत. या चारही गोष्टी घरी दुरुस्त होतात. त्यासाठी किट परत पाठवू नका.

परत पाठवायची कारणं वेगळी असतात. एखादी फ्रेमच, म्हणजे भाग ज्याला जोडलेले येतात ती प्लास्टिकची चौकटच, डब्यात नसणं. साच्यात प्लास्टिक पूर्ण न पोचल्यामुळे भाग अर्धवट राहणं, उदाहरणार्थ पंखाचं टोक किंवा चाकाचा दांडा. पारदर्शक कॅनोपीला, म्हणजे वैमानिकाच्या जागेवरच्या झाकणाला, तडा. किंवा डेकलवरची छपाई सरकलेली असणं, म्हणजे वायुसेनेच्या चक्रातलं केशरी, पांढरं आणि हिरवं वर्तुळ एका केंद्रावर नसणं. यातलं काही असेल तर फ्रेममधून एकही भाग कापू नका. सूचनापत्रात फ्रेमचे नकाशे ए, बी, सी अशा अक्षरांनी दिलेले असतात. ते समोर ठेवून भाग मोजा, फोटो काढा आणि दुकानदाराला त्याच दिवशी पाठवा. कापलेलं किट कोणी परत घेत नाही. बऱ्याच उत्पादक कंपन्या फ्रेमचं अक्षर आणि भागाचा क्रमांक कळवल्यावर सुटा भाग देतात, पण परदेशातून यायला वेळ लागतो.

आता असं का होतं, ते समजून घ्या, म्हणजे पुढचं किट घेताना डोळे उघडे राहतील. हे भाग पॉलिस्टायरिनचे असतात. वितळलेलं प्लास्टिक मोठ्या दाबाने पोलादी साच्यात ढकलतात. साचा बनवणं महाग, म्हणून एकच साचा दशकानुदशकं चालतो, कधी एका कंपनीकडून दुसरीकडे जातो आणि नव्या चित्राच्या डब्यात जुनाच माल येतो. रेव्हेलच्या डब्यात दुसऱ्या कंपनीच्या साच्यातले भाग निघणं ही काही लपलेली गोष्ट नाही. साच्याच्या कडा झिजल्या की दोन अर्ध्यांच्या फटीतून प्लास्टिक बाहेर झिरपतं. तोच तुमचा पापुद्रा. जाड भाग आतून सावकाश थंड होतो आणि आकसतो, म्हणून वरच्या बाजूला खळगा पडतो. साचा लवकर उघडला तर भाग गरम असतानाच निघतो आणि वाकतो. गोल ठसे दिसतात ते भाग बाहेर ढकलणाऱ्या पिनांचे. ते प्रत्येक किटमध्ये असतातच, चांगली कंपनी ते आतल्या बाजूला ठेवते एवढंच.

डब्यावरचं साल पाहून फसू नका, ते बहुतेक वेळा त्या छपाईचं असतं. पत्र्यांच्या रेषा उठावदार असतील तर साचा बहुधा 1960-70 च्या दशकांतला. कोरलेल्या असतील तर सहसा नंतरचा. आणखी एक खात्रीची परीक्षा म्हणजे मोजपट्टी. मिग-21 च्या पंखांचा विस्तार 7.15 मीटर, म्हणजे 1/72 ला साधारण 99 मिलिमीटर यायला पाहिजे आणि 1/48 ला 149. दोन-तीन मिलिमीटरचा फरक असेल तर किट मापालाच चुकलंय, आणि त्यावर पुट्टीचा उपाय नाही.

दुरुस्तीत पहिली पायरी अंघोळीची. साच्याला भाग चिकटू नये म्हणून लावलेल्या पदार्थाचा तेलकटपणा भागांवर राहतो आणि पुढे रंग सुटतो. फ्रेम न तोडता कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब टाकून जुन्या टूथब्रशने धुवा आणि सावलीत वाळवा.

भाग फ्रेमपासून पिळून तोडू नका. कटर नसेल तर नेलकटर चालतो, पण भागापासून दोन मिलिमीटर दूर कापा आणि उरलेला डोळा ब्लेडने हळूहळू तासा. एकदम सपाट कापायला गेलं की प्लास्टिक पांढरं पडतं किंवा भागाचा टवका निघतो. पापुद्रा ब्लेडच्या धारेने खरवडायचा, कापायचा नाही.

वाकलेल्या पंखासाठी पाणी पाहिजे 65 अंशांच्या आसपास. थर्मामीटर नसेल तर तीन वाट्या उकळतं आणि दोन वाट्या साधं पाणी एकत्र करा. पंख त्यात मिनिटभर ठेवा, बाहेर काढून बोटांनी सरळ करा आणि धरलेल्या स्थितीतच गार पाण्यात बुडवा. एका वेळेत झालं नाही तर दोन-तीनदा करा. थेट उकळत्या पाण्यात टाकू नका. पॉलिस्टायरिन शंभर अंशांच्या जवळ लिबलिबीत होतं आणि पातळ कडा पिळवटून जातात. नुसत्या नवतप्यातल्या 46-47 अंशांनी किट वितळत नाही, पण टिनाच्या खोलीत डब्यावर पुस्तकांचा गठ्ठा ठेवला असेल तर पातळ भाग दोन महिन्यांत वाकू शकतो. डबा आडवा आणि मोकळा ठेवा.

धडाचा सांधा हेच खरं काम, आणि घाई इथेच नडते. आधी गोंद न लावता दोन अर्धे जुळवून पाहा. बहुतेक वेळा अडथळा आतच असतो: जुळवणीच्या खुंट्या जाड असतात, किंवा आतल्या बाजूला पिनेचा उठाव राहिलेला असतो. खुंट्या अडत असतील तर त्या कापूनच टाका; त्यांच्यामुळे सांधा सरकवता येत नाही. मर्यादित संख्येत निघणाऱ्या किटांना तर मुळात खुंट्याच नसतात. मग आइसकँडीच्या काडीवर 400 नंबरचा वॉटर पेपर चिकटवून दोन्ही कडा सपाट करा.

गोंद मॉडेलचाच पातळ घ्या. तो प्लास्टिक वितळवून जोडतो, चिकटवत नाही. बोअरच्या पाइपला लावायचं सोल्युशन गावात सहज मिळतं, पण ते वापरू नका: जाड असतं, त्यात पीव्हीसी विरघळलेलं असतं आणि ते पातळ भिंत खाऊन टाकतं. नुसतं ॲसिटोनही नको, त्याने प्लास्टिकचा चिकट गोळा होतो. पूर्ण धड एका दमात जोडू नका. नाकाकडून सुरुवात करा, तीन सेंटिमीटरचा तुकडा दाबून धरा, ब्रशने गोंद सांध्यावर टेकवा, तो आपोआप आत ओढला जातो. वर टेप लावा, अर्धा तास थांबा, मग पुढचे तीन सेंटिमीटर. वाकलेलं धड असंच सरळ होतं. दाबल्यावर सांध्यातून वितळलेल्या प्लास्टिकची बारीक ओळ बाहेर आली तर ती पुसू नका. दोन दिवसांनी घासली की फटच राहत नाही.

पंखाच्या मुळाशी फट पडत असेल तर पुट्टी भरण्याआधी धड आतून रुंद करा. फ्रेमची कांडी योग्य लांबीची कापून धडाच्या आत आडवी बसवा, म्हणजे भिंत पंखाला जाऊन टेकते. हा उपाय लोक विसरतात आणि अर्धी पुट्टी तिथेच घालवतात.

तरीही उरलेल्या फटीसाठी तीन साहित्यं. फट कागदाएवढी असेल तर फ्रेमचे बारीक तुकडे मॉडेलच्या गोंदात टाकून रात्रभर ठेवा. काचेची छोटी बाटली, तिच्यात एक तृतीयांश तुकडे. सकाळी मधासारखं होतं. हे भागाच्याच प्लास्टिकचं असल्यामुळे उत्तम, पण आतला द्रव उडताना आकसतं. तीन दिवस थांबला नाहीत तर रंगानंतर सांधा पुन्हा वर येतो. मध्यम फटीला गाड्या रंगवणाऱ्यांच्या दुकानातली एनसी पुट्टी, पातळ थरात. जाड थर वरून सुकतो आणि आत ओला राहतो. मोठ्या खड्ड्याला एम-सील, दोन्ही भाग सारखे मळून, ओल्या बोटाने सपाट करून.

फेविक्विक आणि खाण्याचा सोडा हे मिश्रण पटकन घट्ट होतं, पण दुसऱ्या दिवशी प्लास्टिकपेक्षा कडक होतं आणि घासताना आजूबाजूचं प्लास्टिक आधी झिजतं. वापरायचंच असेल तर सोड्याऐवजी टाल्कम पावडर घ्या आणि तासाभरात घासून टाका. आणि फेविक्विक कॅनोपीजवळ अजिबात नको. त्याच्या वाफेने काच धुरकट होते. कॅनोपीला साधं फेव्हिकॉल पुरतं, ते सुकल्यावर पारदर्शक होतं.

तुटलेल्या भागासाठी प्लास्टिकचा तुकडा लागला तर फेकायच्या कपाच्या बुडाला पाहा. त्रिकोणात 6 असेल तर ते पॉलिस्टायरिन आहे आणि गोंदाने जुळतं. 5 असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन, त्याला हा गोंद धरत नाही. सीडीचं पारदर्शक कव्हरही पॉलिस्टायरिनचंच असतं.

घासायचा क्रम 400, 600, 1000, सगळं पाणी लावून. मग गाडीचा राखाडी प्राइमर 25-30 सेंटिमीटरवरून, धुक्यासारखे दोन पातळ हात. आधी फ्रेमच्या तुकड्यावर मारून पाहा. जाड ओला हात बसला तर प्लास्टिकला भेगा पडतात. प्राइमरखाली राहिलेला प्रत्येक सांधा दिसतो, तेव्हा पुन्हा एकदा पुट्टी लावायची तयारी ठेवा. कूलर सुरू असलेल्या खोलीत मात्र रंग मारू नका. ओल्या हवेत लॅकरवर पांढुरकी झाक येते, पावसाळ्यातही तेच. उन्हाळ्यात दुपारी उलट होतं: रंगाचा थेंब हवेतच सुकतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. सकाळी सातच्या आत उरका.

पिवळ्या डेकलसाठी तुमच्याकडे कंपनीपेक्षा चांगलं यंत्र आहे, ते म्हणजे ऊन. डेकलचा कागद पारदर्शक प्लास्टिक पिशवीत बंद करून खिडकीच्या काचेला आतून, छपाई बाहेरच्या बाजूला करून चिकटवा. रोज पाहा, पारदर्शक थराचा पिवळेपणा काही दिवसांत उतरतो. मग एक बिनकामाचं अक्षर पाण्यात टाकून तपासा. तुकडे झाले तर उरलेल्या कागदावर लॅकरचे दोन पातळ हात मारा आणि प्रत्येक चिन्ह कडेला लागून वेगळं कापा, कारण लॅकरने सगळं एकच पापुद्रा झालेलं असतं.

आणि डेकलला गावचं बोअरचं पाणी वापरू नका. दर्यापूर खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं असलेल्या पट्ट्यात येतं, तिथलं पाणी सुकलं की डेकलखाली आणि भोवती पांढरे डाग राहतात, आणि वरून वार्निश मारल्यावर ते कायमचे बसतात. बॅटरीत घालायचं पाणी कोणत्याही ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळतं, एक बाटली कितीतरी किटांना पुरते.

वायुसेनेचंच विमान करायचं असेल तर एवढं पाहा की डब्यातला प्रकार कोणता आहे. आपल्याकडे एफएल, ज्याला टाइप 77 म्हणतात, आणि बीआयएस, म्हणजे टाइप 75, ही दोन्ही होती. एफएलची पाठ सडपातळ, बीआयएसची फुगीर. बीआयएसच्या किटवर टाइप 77 चे क्रमांक लावले तर जाणकाराला दुरूनच कळतं, आणि पाठीचा तो फरक वॉटर पेपरने घासून निघत नाही.