घाव नेमका कुठे घालायचा?

प्रश्न : जीमॅट या एमबीएच्या प्रवेशपरीक्षेत युक्तिवाद कमकुवत करणारा पर्याय निवडायच्या प्रश्नात शेवटी दोन पर्याय उरतात आणि मी हमखास चुकीचाच निवडते. काय करू?

उत्तर : पर्यायांकडे वळण्याआधी निष्कर्ष पक्का धरा. समजा, ‘चौकात सिग्नल बसवल्यावर अपघात घटले, म्हणजे ते सिग्नलमुळेच घटले.’ यात दुसरं काहीच बदललं नाही, असं गृहीत धरलंय. ‘त्याच महिन्यात बायपास सुरू होऊन ट्रक तिकडे वळले’ हा पर्याय बरोबर तिथेच घाव घालतो. ‘सिग्नलला खर्च फार आला’ हा फसवा. खर्च कितीही होवो, निष्कर्षाला धक्का लागत नाही. पर्याय खरा की खोटा हे तपासत बसू नका. तो खराच मानायचा असतो. युक्तिवाद पुरता पाडायचीही गरज नाही, शंका वाढली तरी पुरे. या व्हर्बल (भाषिक) विभागात ४५ मिनिटांत २३ प्रश्न असतात, एकाला जेमतेम दोन मिनिटं!