मे महिन्यात काहीच दिसलं नाही म्हणतेस

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप वाचला. ‘बाई, एवढ्या उन्हात धारावीजवळच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात गेले आणि काहीच दिसलं नाही. नुसते कावळे आणि घारी.’ शेवटी तो रडका चेहरा. फोनवरच उत्तर देणार होते, पण अंगठ्याने मला इतकं लांबण लावता येत नाही, म्हणून कागद घेतला.

आधी एक विचारते. गेलीस किती वाजता? अकराला ना? मे महिन्यात अकरा वाजता मीसुद्धा कुणाला दिसत नाही, पंख्याखाली पडलेली असते. पाखरांनी तरी का उन्हात फिरावं? पण खरा प्रश्न तो नाही. ते ‘नुसते’ कावळे करत काय होते, ते तू लिहिलंच नाहीस. चोचीत काटक्या होत्या? एखाद्या झाडाजवळ कोकीळ आला की अंगावर धावून जात होते? हे त्यांच्या घरट्यांचे दिवस आणि कोकिळेचे अंडी ठेवायचे. जुलैत परत जा. ठिपक्याठिपक्यांचं, कोकिळेचं एक पिल्लू चोच वासून ओरडत असेल आणि बिचारी कावळीण त्याला भरवत असेल. ते बघितल्यावर ‘नुसते कावळे’ हा शब्द तुझ्या वहीत परत येणार नाही. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर यादी टाकताना ‘दिसलं ते सगळं नोंदवलं का?’ असं विचारतात, ते उगीच नाही. त्या ‘सगळं’मध्ये कावळा पहिला.

मी तुझ्याएवढी असताना नाही, चांगली नोकरीला लागल्यावर एक मूर्खपणा केला, तो सांगते. मी फक्त थंडीत जायची. डिसेंबर-जानेवारीत दुर्बीण गळ्यात अडकवून पाहुण्या पक्ष्यांची वाट बघायची. हळद्या, धोबी, तुतारी, झाली यादी, चला घरी. एका जानेवारीत पायवाटेजवळचा पांगारा उघडाबोडका दिसला. एक पान नाही, नुसते काटे. वहीत लिहिलं, ‘पांगारा मेला.’ वर माळीकाकांना शहाणपणाने सांगितलं की तुमचं झाड गेलं, काढून टाका. ते म्हणाले, ‘बाई, शिमग्याला या.’ गेले. झाड लालभडक पेटलेलं! बुलबुल, साळुंक्या, शिंजीर, सगळ्यांची झुंबड. काका काही बोलले नाहीत, नुसते हसले. ती वही अजून माझ्याकडे आहे. त्या ओळीवर मी काट मारलेली नाही, मुद्दाम.

म्हणून सांगते, दर वेळी नवीन जागा शोधू नकोस. लोक एका रविवारी कर्नाळा, दुसऱ्या रविवारी शिवडीचे फ्लेमिंगो असं करत फिरतात, फोटो छान येतात. ते कर हवं तर. पण ही जागा सायनहून चालत जाण्यासारखी आहे, तिच्यावर माया कर. दोन-तीन झाडं ठरव आणि महिन्यातून एकदा फक्त त्यांना भेट. बाकी जे भेटेल ते वरकड.

माझ्या निवडी सांगू? एक तो पांगारा. दुसरं कढीपत्त्याचं झुडूप. ते तुझ्या खिडकीतल्या कुंडीतही चालेल. पावसाळ्यात त्याच्या पानावर चिमणीची शीट पडल्यासारखं काहीतरी दिसेल. पुसू नकोस. ती कॉमन मॉरमॉन किंवा लाइम फुलपाखराची लहान अळी असते, शीट आहे असं वाटून पक्ष्यांनी सोडून द्यावं म्हणून तसं सोंग घेतलेलं. मोठी झाली की हिरवीगार होते. गवताच्या काडीने हळूच डिवच. डोक्यामागून लालसर-केशरी, दोन टोकांचं शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. क्षणभरच, मग आत. एकदाच कर हं, दिवसभर छळू नकोस. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत तीन-चार आठवडे लागतात, म्हणजे महिन्याने गेलीस तर मधलं सगळं हुकणार. त्यासाठीच कुंडी म्हणाले.

तिसरं, मिठी नदीच्या बाजूची तिवरं. कोरड्या दिवसांत पान उलटं करून बघ, मिठाची पांढरी पूड दिसते. खाऱ्या चिखलात राहायचं तर शिरलेलं मीठ पानांवाटे बाहेर टाकावं लागतं. पावसाने धुतलं की तेच पान स्वच्छ. पूर्वी मी चाटून बघायची. तू मात्र बोटानेच खरवड, मिठी ती मिठी आहे.

आणि पायाखालीही बघ. त्या ३७ एकरांवर एके काळी मुंबईचा कचरा पडत होता. त्यावर माती टाकून झाडं लावली आणि १९९४ मध्ये उद्यान लोकांसाठी उघडलं. मला एकदा पहिल्या पावसानंतर वाटेच्या कडेला काचेच्या बांगडीचा तुकडा सापडला होता. कुणाच्या हातातली असेल, कुठल्या साली फुटली असेल कोण जाणे. त्या तुकड्याशेजारीच उंबराचं दोन पानांचं रोपटं उगवलं होतं. वहीत दोन्ही लिहून ठेवलं.

वहीचं एवढंच सांगते: तारीख, वेळ, ऊन की ढग, आणि झाडावर पानं, कळ्या, फुलं, फळं यांपैकी काय होतं ते. नाव येत नसेल तर वर्णन लिही. अंदाजाने नाव ठोकू नकोस, माझा पांगारा आठव. पावसात पूर्ण बाह्यांचा सदरा घाल, तिथले डास पक्ष्यांसारखे लाजाळू नाहीत.

आता आषाढात जा, सकाळी दार उघडल्या उघडल्या. माझे गुडघे यंदा त्या ओल्या वाटांवर चालू देणार नाहीत. ते कोकिळेचं पिल्लू सापडलं तर फोटो नको पाठवूस. फोन लाव आणि फोन झाडाकडे धर. मी ऐकेन.

तुझी,
बाई