रेडिएशननंतरच्या पहिल्याच एमआरआयमध्ये गाठ वाढलेली दिसली, तर परफ्युजन किंवा पेट स्कॅन करून खरंच काही कळतं का?

तुमच्या वडिलांचं ग्लिओब्लास्टोमाचं, म्हणजे मेंदूच्या कॅन्सरच्या गाठीचं, रेडिएशन संपून पाच आठवडे झालेत, रिपोर्टमध्ये गाठ वाढली असं आलंय, डॉक्टर परफ्युजन एमआरआय करू म्हणतात आणि नातेवाईक म्हणतात, "आता कशाला आणखी तपासण्या, जे दिसायचं ते दिसलं." हे शेवटचं वाक्य वाचलं आणि उत्तर लिहायला बसले. हेच वाक्य मी माझ्या सख्ख्या मोठ्या भावाच्या तोंडून ऐकलं आहे.

सरळ उत्तर आधी देते. हो, कळतं. नेहमी नाही, पूर्ण नाही, पण साध्या कॉन्ट्रास्ट एमआरआयपेक्षा नक्कीच जास्त कळतं. आणि पाचव्या आठवड्यातल्या एका साध्या स्कॅनवरून औषध बंद करणं ही घाई आहे. असं माझं ठाम मत आहे.

माझ्या धाकट्या भावाला 2018 मध्ये हाच आजार झाला. ऑपरेशन, मग सहा आठवडे रेडिएशनच्या तीस सिटिंग आणि सोबत रोज टेमोझोलोमाइड हे केमोथेरपीचं औषध. सगळं संपल्यावर चार आठवड्यांनी एमआरआय केला. ऑपरेशननंतर 2.1 बाय 1.8 सेंटिमीटर उरलेला उजळ भाग आता 3.0 बाय 2.6 दिसत होता. भाऊ गणिताचा शिक्षक. त्याने रिपोर्ट हातात घेतला, दोन्हींचे गुणाकार केले आणि म्हणाला, "दुपटीहून जास्त." तेवढंच बोलला आणि जाऊन झोपला.

त्याच संध्याकाळी दादाने निर्णय देऊन टाकला. औषधाचा उपयोग होत नाही, पोराला उगाच उलट्या आणि अशक्तपणा सोसायला लावू नका, सगळं थांबवा. आमचे तेव्हाचे डॉक्टरसुद्धा टेमोझोलोमाइड बंद करून बेव्हासिझुमॅब हे दुसरं औषध सुरू करू म्हणत होते. माझ्या बाजूने घरात कोणी नव्हतं. भावाची बायको रडत होती, तिला कोण काय विचारणार.

मी दुसरं मत घ्यायचं ठरवलं. कारण शास्त्रीय नव्हतं. चार आठवड्यांपूर्वी काठी घेऊन चालणारा माणूस आता काठीशिवाय चालत होता आणि कागद सांगत होता की त्याची गाठ दुप्पट झाली. या दोन गोष्टी मला एकत्र बसवता येईनात.

दुसऱ्या ठिकाणच्या रेडिओलॉजिस्ट बाईंनी सगळ्या सीडी मागून घेतल्या आणि पहिला प्रश्न विचारला, "रेडिएशन कधी संपलं?" पहिल्या स्कॅनच्या फॉर्मवर फक्त 'ब्रेन ट्यूमर, फॉलोअप' एवढंच लिहिलेलं होतं. रिपोर्ट लिहिणाऱ्याला रेडिएशन नुकतंच संपल्याचं कोणी कळवलेलंच नव्हतं. दुसरा प्रश्न, "डेक्सामेथासोन किती चालू आहे?" दोन स्कॅनच्या मधल्या काळात या स्टिरॉइडचा डोस निम्मा झाला होता. स्टिरॉइड कमी केलं की सूज वाढते आणि उजळ भागही मोठा दिसू शकतो. हेही कोणी फॉर्मवर लिहिलं नव्हतं. मला त्या दिवशी आला तो राग अजून गेलेला नाही. एवढा मोठा निर्णय, आणि दोन ओळींची माहिती द्यायला कोणाला वेळ नव्हता.

मग त्यांनी समजावलं, ते मी माझ्या शब्दांत सांगते. कॉन्ट्रास्ट म्हणून देतात ते गॅडोलिनियम गाठ ओळखत नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये जो पडदा असतो तो जिथे फाटलाय तिथून ते झिरपतं, आणि तिथे चित्र उजळतं. पडदा गाठही फाडते आणि रेडिएशनही फाडतं. म्हणजे उजळ दिसतं ती गळती. ती कशामुळे झाली ते साधा स्कॅन सांगत नाही. रेडिएशन आणि टेमोझोलोमाइडनंतर पहिल्या तीन महिन्यांत बऱ्याच पेशंटमध्ये अशी खोटी वाढ दिसते, तिला स्यूडोप्रोग्रेशन म्हणतात. ज्यांच्या गाठीत एमजीएमटी नावाचं जनुक मिथायलेटेड असतं, म्हणजे रासायनिक खुणेने बंद असतं, आणि म्हणून ज्यांना हे औषध जास्त लागू पडतं, त्यांच्यात ती जास्त दिसते. माझ्या भावाचं मिथायलेटेड होतं. औषध काम करत असल्याची खूण असू शकेल तीच आम्ही औषध बंद करायचं कारण समजत होतो.

परफ्युजनमध्ये तेच कॉन्ट्रास्ट वेगाने देऊन ते मेंदूतून पहिल्यांदा जात असताना भराभर चित्रं घेतात आणि कुठे किती रक्त आहे ते मोजतात. वाढती गाठ स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या तयार करते, म्हणून तिथे रक्त जास्त. रेडिएशनने जळालेल्या भागात रक्त कमी. भावाच्या रंगीत नकाशात तो सगळा उजळ भाग निळा होता, दुसऱ्या बाजूच्या निरोगी मेंदूइतकाच. स्पेक्ट्रोस्कोपीत, म्हणजे एमआरआयवरच त्या भागातली रसायनं मोजतात त्या तपासणीतही, कोलीन फारसं वाढलेलं नव्हतं; वाढत्या गाठीत ते वाढतं. त्या बाई म्हणाल्या, मी लिहून देते, औषध चालू ठेवा, आठ आठवड्यांनी याच मशीनवर पुन्हा करा.

दादाचं म्हणणं होतं की हे आशा विकणं आहे. तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं, आज आहे. आजार वाढला की नाही ते ठरवायला 2010 मध्ये जगभरच्या मेंदूच्या कॅन्सरतज्ज्ञांनी केलेल्या रानो निकषांतच लिहिलेलं होतं की रेडिएशननंतरच्या पहिल्या 12 आठवड्यांत नवी वाढ मुख्यतः रेडिएशनच्या क्षेत्राबाहेर असेल किंवा तुकडा काढून तपासल्यावर त्यात जिवंत गाठ सापडली असेल, तरच आजार वाढला म्हणायचं. 2023 च्या सुधारित निकषांत तर तुलनेची सुरुवातच रेडिएशननंतरच्या स्कॅनपासून करायला सांगितलं आहे. आमची तुलना ऑपरेशननंतरच्या स्कॅनशी केली होती. आणि तेव्हा बेव्हासिझुमॅब दिलं असतं तर? ते औषध गळतीच बंद करतं. उजळ भाग फिका पडला असता, सगळे म्हणाले असते बघा गुण आला, आणि खरं काय होतं ते कधीच कळलं नसतं.

आठ आठवड्यांनी 2.4 बाय 2.0. त्यानंतर 1.9 बाय 1.5. टेमोझोलोमाइडच्या सहाही सायकल पूर्ण झाल्या. भावाने आलेख कागदावर काढून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता, आडव्या अक्षावर आठवडे, उभ्यावर गुणाकार. दादा आला की तो कपाट उघडं ठेवायचा.

चौदाव्या महिन्यात जुन्या जागेशेजारी लहानसा ठिपका दिसला. आकार छोटा होता, पण परफ्युजनमध्ये लालभडक, कोलीन वाढलेलं. ही वाढ खरी आहे हे या वेळी पहिल्याच दिवशी कळलं. पुढे चार महिन्यांनी भाऊ गेला.

दादा आजही म्हणतो, "शेवटी तेच झालं ना." नाही, तेच झालं नाही. मधल्या काळात धाकटा वर्षभर शाळेत अर्धा दिवस शिकवत होता, दहावीची एक तुकडी त्याने पार पाडली. ही गोष्ट दादाने एकदाही हिशेबात धरली नाही. दुसऱ्यांदा उपचार थांबवायची वेळ आली तेव्हा थांबवा म्हणणारी मीच होते. थांबायला माझा कधीच विरोध नव्हता. न बघता थांबायला होता.

तुम्ही पेट की परफ्युजन असंही विचारलंय. पेटमध्ये थोडं किरणोत्सारी द्रव्य टोचून ते कुठे जमतं ते बघतात. पेट म्हणजे नेहमीचं साखरेचं एफडीजी पेट असेल तर मेंदूसाठी मला ते फारसं पटत नाही. मेंदू स्वतःच भरपूर साखर खातो, सगळंच चमकतं, गाठ त्यात हरवते. अमिनो आम्लाचं पेट, म्हणजे एफईटी, डोपा किंवा मेथिओनिन, हे वेगळं आणि चांगलं. पण मेथिओनिनमधल्या कार्बन-11 चं अर्धायुष्य 20 मिनिटं, त्यामुळे जिथे ते बनवणारं यंत्र, म्हणजे सायक्लोट्रॉन, आहे तिथेच ते होतं. एफईटीमधल्या फ्लोरिन-18 चं जवळपास 110 मिनिटं, ते बाहेरून आणता येतं. तुमच्या डॉक्टरांनी परफ्युजन सांगितलंय तर आधी ते करा.

मी डॉक्टर नाही, हे आता लिहिते, आधी लिहायला हवं होतं. परफ्युजनही चुकतं. जुना रक्तस्राव असेल, गाठ हाडाजवळ असेल, ऑपरेशनची क्लिप असेल तर चित्र बिघडतं. अनेकदा जिवंत गाठ आणि रेडिएशनची इजा एकाच जागी मिसळलेली असते, तेव्हा तुकडा काढूनच कळतं. आणि बऱ्याच जणांची वाढ खरीच असते. वडिलांचा हात-पाय कमजोर होत असेल, बोलणं अडखळत असेल, झोप वाढत असेल तर आठ आठवडे वाट बघत बसू नका, आजच डॉक्टरांना सांगा.

स्कॅनला जाताना एका कागदावर एवढं लिहून न्या: रेडिएशन सुरू झाल्याची आणि संपल्याची तारीख, प्रत्येक स्कॅनच्या दिवशी स्टिरॉइडचा डोस किती होता, एमजीएमटीचा रिपोर्ट. सगळ्या जुन्या सीडी घ्या, नुसत्या फिल्म नकोत. शक्यतो तेच मशीन. आणि डॉक्टरांना एक नेमका प्रश्न विचारा, नवा उजळ भाग रेडिएशनच्या क्षेत्राच्या आत आहे की बाहेर? त्यांचं उत्तर इथे खाली लिहिलंत तर मी पुन्हा वाचेन.