मशीन नंतर, आधी लिमिट मोकळी करा

प्रश्न: सावद्याजवळ आमचा केळीच्या वेफर्सचा छोटा कारखाना आहे. महिन्याला दीड टन माल निघतो, २०० रुपये किलोनं जातो. खर्च वजा जाता किलोमागे ३० रुपये सुटतात. माल सुरत आणि इंदूरचे व्यापारी घेतात, पैसे अडीच महिन्यांनी देतात. ६ लाखांची सीसी लिमिट (धंद्यासाठी हवं तेव्हा उचलायचं बँकेचं कॅश क्रेडिट कर्ज) आहे, ती कायम भरलेली असते. आता ८ लाखांचं स्लायसर आणि फ्रायर घेऊन माल दुप्पट करायचा विचार आहे. सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत ३५ टक्के सबसिडी बसते. ते २.८ लाख आले की कच्च्या केळीला वापरू. लिमिट रिन्यू करताना बँकेत १.२ लाख वार्षिक हप्त्याची पॉलिसी काढावी लागली. १० वर्षं भरायचे आणि २० वर्षांनी २४ लाख मिळणार. दोन हप्ते सीसीतून गेलेत, तिसरा पुढच्या महिन्यात आहे. वय ३८. मशीन आत्ता घ्यावं की दिवाळीनंतर?

उत्तर: भाऊ, मशीन आत्ता नको आणि दिवाळी झाली म्हणून लगेचही नको. तुम्ही शेवटी सहज पॉलिसीचं जे लिहिलंय, खरा घोर त्याचा आहे.

लिमिटवर व्याज साधारण साडेअकरा टक्के धरू. ६ लाखांचे वर्षाला ७० हजार होतात. त्याच लिमिटमधून १.२ लाख उचलून तुम्ही पॉलिसीत टाकता. तिथे १२ लाख भरून २० वर्षांनी २४ लाख म्हणजे परतावा साडेचार ते पावणेपाच टक्के पडतो. ‘दुप्पट होतात’ एवढंच सांगायचं आणि किती वर्षांनी ते हळूच म्हणायचं, अशी ही विक्री आहे. साडेअकरानं काढून पावणेपाचनं ठेवायला कुणी शहाणा माणूस तयार होणार नाही. तुम्हीही झाला नसता, पण लिमिट अडेल ही भीती घातली गेली. लिमिट रिन्यू करण्यासाठी आयुर्विमा घेण्याची सक्ती कोणतीही बँक करू शकत नाही. शाखेकडे लेखी तक्रार करा, पोच घ्या. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. शिवाय सीसीचा पैसा धंद्यासाठी असतो. त्यातून घरचा हप्ता जाणं तुमच्याच खात्याला उद्या अडचणीचं ठरू शकतं.

‘आता २.४ लाख भरलेत, सोडू कसे?’ असं मनात येईल. गेलेले बाजूला ठेवून पुढचा हिशेब करा. कंपनीकडून सरेंडर किंमत (आत्ता मोडली तर मिळणारे पैसे) आणि पेड-अप किंमत (पुढचे हप्ते न भरता ठेवली तर शेवटी मिळणारे पैसे), दोन्ही लेखी मागवा. समजा सरेंडरला १.३ लाख मिळाले. ते न घेता आणखी ८ हप्ते, म्हणजे ९.६ लाख भरत राहिलात, तर त्या पैशावर साडेपाच टक्क्यांच्या आसपास सुटतं. लिमिट त्याच्या दुपटीनं खाते आहे. बंद करणंच योग्य.

आता उधारीकडे येऊ. एक क्विंटल कच्ची केळी घेतली की साल आणि पाणी जाऊन साधारण २५ किलो वेफर्स निघतात. केळीवाल्याला रोख, तेलाचा डबा रोख, मजूर आठवड्याला, आणि घाणा काढून पॅक केलेल्या मालाचे पैसे ७५ दिवसांनी. ३ लाख महिन्याची विक्री, अडीच महिने उधार, म्हणजे साडेसात लाख तुमचे व्यापाऱ्यांकडे पडून आहेत. लिमिट भरलेली का राहते ते इथे दिसतं. माल दुप्पट केला की उधारीही दुप्पट. वाढीव मालाचा नुसता खर्चच, १७० रुपये किलोनं, ६.४ लाखांच्या आसपास अडकेल. ते कुठून आणणार?

सबसिडीतून नाही. ती हातात येत नाही. बँकेत ३ वर्षं बाजूला राहते आणि कर्ज खातं नियमित असेल तरच कर्जात वळती होते. त्या पैशानं केळी घेता येणार नाही. उलट १० टक्के तुमचे घालावे लागतील आणि महिन्याला पंधरा-साडेपंधरा हजारांचा हप्ता पहिल्यापासून सुरू होईल.

व्यापाऱ्यांना १५ दिवसांत पैसे दिले तर २ टक्के सूट द्या, किलोला ४ रुपये. निम्मे जरी तयार झाले तरी ३ लाख सुटतात. सूट वर्षाला ३६ हजार जाईल, व्याज ३५ हजार वाचेल. फायदा दिसत नाही ना? पण ३ लाख मोकळे होतात आणि बुडण्याची भीती कमी होते. बाकीच्या व्यापाऱ्यांकडून वेळेत पैसे यावेत म्हणून उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करा, ती मोफत आहे. तो नंबर प्रत्येक बिलावर छापा. सूक्ष्म उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. २०२३-२४ पासून आयकरातही हा नियम आला: मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला प्रत्यक्ष देईल त्याच वर्षी खर्चात धरता येते. अंदाजित उत्पन्नावर, म्हणजे विक्रीच्या ठरावीक टक्क्यावर, कर भरणाऱ्या छोट्या दुकानदाराला याची झळ नाही, पण मोठा व्यापारी मार्चआधी नीट बोलू लागतो.

दिवाळीपर्यंत २०० चा भाव बांधून देऊ नका. केळी क्विंटलला १०० रुपयांनी वाढली की वेफर्सच्या किलोला ४ रुपये लागतात. ७५० वाढली की तुमचे तीसच्या तीस रुपये गेले. आणि त्या तिसात व्याज धरलंय का, तेही तपासा. तुमच्या दीड टनावर ते किलोला जवळपास ४ रुपये येतं.

लिमिटमधली उचल सलग सहा महिने ३ लाखांच्या खाली राहिली, की मशीनचं कोटेशन पुन्हा काढा.

पॉलिसी मात्र घाईनं मोडू नका. थोडंसं का होईना, आज घरच्यांना तेवढंच संरक्षण आहे. आधी १ कोटीचा साधा टर्म विमा (मृत्यू झाला तरच पैसे देणारा) काढा, तुमच्या वयाला वर्षाला १५-२० हजार. मेडिकल होऊन पॉलिसी हातात आल्यावरच जुनी सरेंडर करा. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची जादा मुदत असते, तेवढा वेळ पुरतो. पण सीसी खात्यावरचा ऑटो-डेबिट याच आठवड्यात लेखी अर्ज देऊन थांबवा, नाहीतर तिसरा हप्ता तुम्हाला न विचारताच जाईल.