धोऱ्यावर पंच लिस्ट नेऊ नकोस

प्रिय पोरी,

लाइन चार्ज झाल्याचा, म्हणजे तारांत पहिल्यांदा वीज सोडल्याचा, तुझा मेसेज रात्री पावणेदोनला आला. मी जागीच होते, या वयात झोप तशीही कमीच. तुमचं सगळ्यांचं मनापासून अभिनंदन. चौदा महिने कंटेनरमध्ये राहून सोलर प्लांट उभा करणं म्हणजे काय, हे मला वेगळं सांगायला नको.

पुढे लिहिलंयस, "रविवारी सगळे मिळून समच्या वाळूत चाललोय." त्यावर चार शब्द. आवडले नाहीत तर सोडून दे.

माझा जैसलमेरचा पहिला विंड प्रोजेक्ट संपला तेव्हा आम्हीही जैसलमेरजवळच्या या समच्या वाळूतच गेलो होतो. अकरा जण, दोन जीप, संध्याकाळची वेळ. उंटांची रांग, लाउडस्पीकर, फोटो. सूर्य टेकायच्या आतच आमच्यातल्या दोघांची ट्रान्सफॉर्मर उशिरा का आला यावरून जुंपली. तीही धोऱ्यावर, चप्पल हातात घेऊन! तिकडे वाळूच्या टेकडीला धोरा म्हणतात. परतताना जीपमध्ये कुणी कुणाशी बोललं नाही. थकलेल्या टीमला गर्दीत नेलं की असंच होतं. साइटवर सगळे कामामुळे गप्प असतात, काम संपलं की तुंबलेलं सगळं बाहेर पडतं. म्हणून माझी एकच अट: पंच लिस्टचा, म्हणजे उरलेल्या बारीकसारीक कामांच्या यादीचा, विषय काढेल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा.

आणि संध्याकाळी नको, पहाटे निघा. समला थांबू नका, पुढे सुदासरीला जा. डेझर्ट नॅशनल पार्कचा भाग आहे तो, वनखात्याची परवानगी आदल्या दिवशीच काढून ठेव. वेळ उरला तर परतल्यावर बाडमेर रस्त्यावरचं आकल बघा, शहरापासून सतराएक किलोमीटरवर. तिथे 18 कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांची खोडं दगड होऊन पडलेली आहेत. न जमलं तरी हरकत नाही. दिवसाचा बार चार्ट बनवू नकोस म्हणजे झालं, तुझा स्वभाव मला माहीत आहे.

सुदासरीला मला पहिल्यांदा नेलं ते आमच्या ड्रायव्हरने. तो जवळच्याच एका ढाणीतला, म्हणजे वाळवंटातल्या वस्तीतला. मऊ वाळू लागली तसा तो खाली उतरला, खेजडीची काडी मोडली आणि व्हॉल्व्हमध्ये दाबून चारही टायरमधली हवा काढत बसला. फुस्स आवाज ऐकत राहायचा, मध्येच अंगठ्याने टायर दाबून बघायचा. गेज गाडीत होता, पण त्याने काढला नाही. मी वर्षभर त्याच्या शेजारच्या सीटवर बसले होते आणि त्याला एवढं कळतं हे मला ठाऊक नव्हतं. तुमच्या ड्रायव्हरलाही जेवायला सोबत बसव, गाडीपाशी थांबवू नकोस.

माझं माहेर सोलापूरचं. माळढोकासाठी राखलेलं नान्नजचं अभयारण्य घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि माळढोक मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला तो सुदासरीत. तिकडे त्याला गोडावण म्हणतात, राजस्थानचा तो राज्यपक्षी. सेवण गवतातून एक नर मान ताठ ठेवून चालला होता, एखाद्या जुन्या हेडमास्तरासारखा. मग उडाला. इतका जड पक्षी उडताना बघून पोटात गोळा येतो.

आता तुझ्या-माझ्या धंद्याची गोष्ट. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, समोरचं त्याला फार कमी दिसतं. अंगाने जड, त्यामुळे तार दिसली तरी ऐनवेळी वळता येत नाही. जगात आता दीडशेच्या आसपासही उरले नसतील, आणि मादी एका वेळी बहुतेक एकच अंडं घालते. 2021 साली सुप्रीम कोर्टाने त्या भागातल्या तारा जमिनीखाली घालायला सांगितल्या. 2024 साली तो आदेश सैल करून तज्ज्ञांची समिती नेमली. तू फायलीत वाचलं असशीलच. मीही वाचायचे, आणि डायव्हर्टरच्या बिलावर सही करताना कपाळाला आठ्या पडायच्या. पक्ष्यांना तार दिसावी म्हणून तिला लटकवलेल्या त्या चकत्या मला फुकटचा खर्च वाटायच्या. तो नर उडाला त्या दिशेला दूरवर टॉवर दिसत होते. माझे नव्हते, पण असू शकले असते.

तुझ्या लेआउट ड्रॉइंगवरही त्या जमिनीला "पडीक"च लिहिलं असेल. माझ्या ड्रॉइंगवरही तेच होतं. त्या पडीकात शेळ्या चारणारा कुणी भेटला तर थांब, ओरण म्हणजे काय ते विचार. देवीच्या नावाने राखलेलं रान, कुऱ्हाड न चालणारं. आपल्या देवराईसारखंच, फक्त इथे सावली विरळ.

मफलर घे. फेब्रुवारीतली पहाट उघड्या जीपमध्ये कानाला फार बोचते. पाणी माणशी चार लिटर तरी ठेव. आणि दुर्बीण नसेल तर प्लांटच्या स्टोअरमध्ये विचार, स्टोअरकीपरलाही माहीत नसलेल्या वस्तू तिथे सापडतात.

तुझी,
मॅडम (आता तरी ताई म्हण)