छऱ्यांकडे आधी बघ

भावा, एअर रायफल घेतलीस, लई बरं वाटलं. पण पन्हाळ्याकडच्या माळावर तित्तर-लाव्यांवर हात बसवायचा विचार आधी डोक्यातनं काढ. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो गुन्हा आहे, आणि पिल्लं मागं घेऊन बांधावरनं पळणारी लावी एकदा जवळून बघ, बंदूक उचलवणार नाही.

नेम कागदावर धर. 10 मीटरच्या टार्गेटवर मधला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. आपल्या जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं 2024 ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर रायफलचं कांस्य मिळवलं, ते टार्गेटवरच घाम गाळून.

आता छर्रे, म्हणजे एअर रायफलीच्या शिशाच्या बारीक गोळ्या. 4.5 मिलिमीटरचे, चपट्या डोक्याचे घे. कागदाला स्वच्छ गोल भोक पडतं. शिसं मऊ असतं, हे विसरू नको. मी सुरुवातीला मूठभर छर्रे खिशात टाकायचो आणि नेम भरकटला की रायफलीला दोष द्यायचो. महिन्यानं एकेक उजेडात धरून बघितला, तर किल्ल्यांना घासून मागची पातळ कड चेपलेली! आता डबीतनं एकेकच काढतो, कड बोटानं चाचपतो.

दोन-तीन प्रकारचे आण. रायफल टेकवून प्रत्येकाचे पाच-पाच मार. ज्याची भोकं एकमेकांना चिकटतील, तो तुझ्या नळीचा. किमतीवर जाऊ नको. स्प्रिंगची रायफल रिकामी मारू नको, पिस्टन आपटतो. आणि हात साबणानं धुतल्याशिवाय भडंग खायचं नाही, शिसं पोटात जातं.